नवीन पेशंटचं फॉर्म्युलेशन नक्की लिहायचं कसं? (सायकियाट्री, पहिलं वर्ष)

नवी_रेसिडेंट

नमस्कार. मी एमडी सायकियाट्रीच्या पहिल्या वर्षाला आहे, सरकारी मेडिकल कॉलेज, जॉइन होऊन चार महिने झालेत. हिस्टरी घेणं आता बऱ्यापैकी जमायला लागलंय, एमएसई (पेशंटच्या मनःस्थितीची तपासणी) पण जमते, पण त्याच्यापुढे फॉर्म्युलेशनला, म्हणजे केसचा अर्थ लावून लिहायच्या भागाला, गाडी अडते. कालचंच सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

२४ वर्षांचा मुलगा, गावाकडचा, दोन वर्षं पुण्यात एमपीएससीची तयारी करतोय. वडील घेऊन आले. पाच आठवड्यांपासून म्हणतोय की अभ्यासिकेतली पोरं माझ्यावर नजर ठेवतात, मोबाइलमधून माझ्या डोक्यातली उत्तरं त्यांना जातात. झोप नाही, जेवण नाही, खोलीच्या खिडकीला पेपर चिकटवून बसला होता. मी दीड तास बसून सात पानं लिहिली, जन्मापासून सगळं, शेवटी एक परिच्छेद लिहिला की २४ वर्षांचा अविवाहित पुरुष, ग्रामीण भाग, निम्न मध्यम वर्ग, अमुक तक्रारी इतक्या आठवड्यांपासून, कुटुंबात मामाला काहीतरी मानसिक आजार, एमएसईमध्ये हे हे सापडलं, प्रोव्हिजनल डायग्नोसिस (तात्पुरतं निदान) सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा आजार. राउंडला सरांनी सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "हे सगळं त्यांनी तुला सांगितलं. तू काय समजलीस ते कुठंय?" मला उत्तरच देता आलं नाही. सर रागावले नाहीत, उद्या परत लिहून आण म्हणाले, पण रात्रभर तेच डोक्यात आहे.

तर माझे प्रश्न. समरी आणि फॉर्म्युलेशन यात नेमका फरक काय? ते पाच पी चं कोष्टक भरलं की झालं का? जे मला नक्की माहीत नाही पण वाटतंय, ते केसपेपरवर लिहायचं की नाही, कारण उद्या कोर्टात गेलं तर? आणि पेशंट मराठीत बोलतो, आपण इंग्रजीत लिहितो, त्यात निम्मं हरवतं असं मलाच वाटतं का?

---

तिसरं_वर्ष_चालू

अगं हा प्रश्न मी पण विचारला होता, तेव्हा मला कुणी नीट सांगितलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहितो.

समरी म्हणजे त्यांनी सांगितलेलं तू आटवलंस. फॉर्म्युलेशन म्हणजे त्या सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय हे तू सांगितलंस. प्रश्न तीनच असतात, हाच माणूस का, हाच आजार का, आणि आत्ताच का. एक सोपी खूण सांगतो, तुझा परिच्छेद परत वाच आणि त्यात "त्यामुळे", "म्हणून", "तरीही" हे शब्द किती वेळा आलेत ते मोज. एकदाही नसतील तर ती समरी आहे, कितीही चांगल्या इंग्रजीत लिहिलेली असो.

पाच पी बद्दल. प्रेझेंटिंग (आत्ताची तक्रार), प्रीडिस्पोझिंग (मुळातला धोका), प्रेसिपिटेटिंग (आत्ता सुरुवात करून देणारं), पर्पेच्युएटिंग (आजार टिकवून ठेवणारं), प्रोटेक्टिव्ह (सावरणारं), आणि प्रत्येकाला बायो, सायको, सोशल म्हणजे शरीर, मन, समाज असे रकाने. कोष्टक भरायला हरकत नाही, मी पण रफ कागदावर भरतो, त्याने एखादी गोष्ट विचारायची राहिली असेल तर लगेच दिसतं. पण भाजी निवडून ठेवली म्हणजे स्वयंपाक झाला असं होत नाही ना. "मामाचा आजार" एका चौकोनात, "परीक्षेत नापास" दुसऱ्या चौकोनात, "गांजा" तिसऱ्यात, आणि मधे काहीच नाही, तर वाचणाऱ्याला काय कळणार? गांजा आधी सुरू झाला का निकाल आधी लागला, झोप आधी गेली का संशय आधी आला, हा क्रमच तर सगळं सांगतो.

बरं, गांजा विचारलास का? वडिलांसमोर नाही, एकट्याला. आणि विचारलास तर कधीपासून, किती, आणि शेवटचा कधी. कारण तुझ्या केसमध्ये आयसीडी-१० (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) प्रमाणे निदान तीन वाटांनी जाऊ शकतं, एफ २३ अक्यूट अँड ट्रान्झियंट म्हणजे झपाट्याने येऊन ओसरणारा सायकोसिस, एफ १२.५ म्हणजे गांजामुळे आलेला सायकोसिस, आणि एफ २० स्किझोफ्रेनिया. एफ २० ला लक्षणं महिनाभर असावी लागतात, डीएसएमवाले (अमेरिकन निदानपुस्तिका) सहा महिने मागतात, आणि एफ २३ ची सुरुवात दोन आठवड्यांच्या आत झालेली असावी लागते. म्हणून "पाच आठवड्यांपासून" हे वडील म्हणाले तेवढ्यावर थांबू नकोस, त्याच्या आधी तो फोनवर कमी बोलायला लागला होता का, गावी येणं टाळत होता का, अंघोळ, कपडे, अभ्यास यात कधीपासून फरक पडला ते विचार. सुरुवात मागे सरकली की पूर्ण चित्रच बदलतं.

निदानाच्या बाजूने काय आणि विरुद्ध काय हे दोन्ही लिही. फक्त बाजूचं लिहिलं की सर पकडतात.

---

तीस_वर्षं_ओपीडीत

डॉक्टर, तुमच्या सरांनी अगदी योग्य प्रश्न विचारला आणि तुम्ही तो इथे आणलात हे मला फार आवडलं. थोडं लांब लिहितोय, वेळ काढून वाचा.

हा प्रश्न जुना आहे. १९१३ साली जर्मनीत मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी मांडलं होतं की माणसाच्या मनातलं काही आपल्याला समजून घेता येतं, एकातून दुसरं कसं आलं ते आपण त्याच्या जागी बसून जाणू शकतो, आणि काही मात्र फक्त कारण शोधून स्पष्ट करता येतं, जाणता येत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत बघा. विचार डोक्यातून बाहेर जातात हा अनुभव कितीही प्रयत्न केला तरी त्याच्या निराशेतून आला असं म्हणता येत नाही, तो आजाराचा भाग, ते त्याचं रूप. पण बाहेर काय जातं, तर उत्तरं. कुठे जातं, तर अभ्यासिकेत. दोन वर्षं ज्या मुलाचं जगच उत्तरं, कटऑफ आणि यादी एवढं झालंय, त्याच्या आजाराने आशय तिथूनच उचलला, आणि हे आपल्याला समजतं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा. रूपावरून निदान ठरेल, आशयावरून त्याच्याशी बोलायचं कुठून ते ठरेल.

दुसरं, अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ अडॉल्फ मायर लाइफ चार्ट काढायचे, एका बाजूला वय आणि वर्ष, दुसऱ्या बाजूला आयुष्यात काय घडलं आणि तब्येतीत काय घडलं. मी आजही नवीन पेशंटला हे एका कोऱ्या कागदावर काढतो, दहा मिनिटं लागतात, आणि कित्येकदा पेशंट स्वतःच बोट ठेवून म्हणतो, "डॉक्टर, हे इथून सुरू झालं बघा." बायोसायकोसोशल हा शब्द जॉर्ज एंगल यांच्या १९७७ च्या लेखानंतर सगळीकडे गेला, चांगलाच शब्द आहे, पण आपल्याकडे त्याचा अर्थ तीन रकाने एवढाच उरला. तीन रकान्यांत एकच माणूस आहे हे विसरायला होतं.

आता भाषेबद्दल, कारण मला याची सगळ्यात जास्त तळमळ आहे. तुम्हाला जे वाटतंय ते खरं आहे, निम्मं हरवतं. माझी एक पेशंट बाई म्हणते "करमत नाही". तिची सून गेली माहेरी म्हणून करमत नाही, का नवरा जाऊन वर्ष झालं तरी करमत नाही, का कशातच जीव रमत नाही? इंग्रजीत तिन्हीचं "लो मूड" होतं. "जीव घाबरा होतो" म्हणजे एकाला पॅनिक असतो, दुसऱ्याला खरोखर छातीचं दुखणं, तिसऱ्याला संध्याकाळ झाली की येणारी हुरहुर. "विचार येतात" हे तर सगळ्यात अवघड, कारण तेच तेच नको असताना येणारे विचार, काळजीचे विचार, आणि बाहेरून कुणीतरी डोक्यात घातलेले विचार, तिन्हीला आपला पेशंट "विचार येतात" एवढंच म्हणतो. म्हणून मुख्य तक्रार पेशंटच्याच शब्दांत, अवतरणचिन्हात, देवनागरीत लिहा. बाकी केसपेपर खुशाल इंग्रजीत असू दे. विद्यार्थ्यांना मी सांगतो की भाषांतर करायचंय तर मूळ शब्द शेजारी ठेवून करा.

आणि जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे तर हे चालढकल करण्यासारखं नाहीच. "देवाने आता उचलावं", "जीव नकोसा झालाय", "जीव द्यावासा वाटतो", "औषध आणून ठेवलंय", या चार वाक्यांत केवढं अंतर आहे, आणि केसपेपरवर चारींचं "सुइसायडल आयडिएशन प्लस" (आत्महत्येचे विचार आहेत) होऊन जातं. रात्री दोन वाजता दुसरा डॉक्टर तो पेपर बघून ठरवणार असतो की घरी सोडायचं का थांबवायचं. त्याला ते वाक्य जसंच्या तसं मिळायला हवं, ते कधी म्हटलं, कुणाजवळ म्हटलं, घरात फवारणीचं औषध कुठे ठेवतात, हे पण.

एक चूक सांगतो, माझीच. नोकरीची सुरुवातीची वर्षं. पन्नाशीची बाई, मुलाचं लग्न होऊन तो वेगळा राहायला गेला त्यानंतर हळूहळू गप्प झाली, कामात लक्ष नाही, झोपूनच राहायची, आवाज बसल्यासारखा. मी फॉर्म्युलेशन लिहिलं, फार सुंदर लिहिलं, रिकामं घर, हातातून गेलेलं काम, आईची ओळख, वगैरे. सगळं जुळत होतं. दीड महिना औषधं दिली, फरक शून्य. मग माझ्या वरिष्ठांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करायला लावला आणि थायरॉइड पार खाली. आवाज बसलेला मी ऐकला होता, लिहिला पण होता, आणि त्याला माझ्या गोष्टीत बसवून टाकलं होतं. तेव्हापासून एखादी गोष्ट फार छान जुळून आली की मी थांबतो आणि विचारतो, यात न बसणारं काय आहे? ते न बसणारं वेगळ्या ओळीत लिहा. तुमच्या मुलाचं डोक्याला मार, ताप, फिट्स हे विचारून झालंय का?

कोर्टाच्या भीतीबद्दल. "वाटतंय" एवढंच लिहू नका. का वाटतंय आणि काय झालं तर मत बदलेल हे लिहा. "आत्ता या या कारणांमुळे हे निदान जवळचं वाटतं, गांजा पूर्ण थांबून काही आठवडे झाल्यावरही लक्षणं राहिली तर परत विचार करावा लागेल." असं लिहिलेल्या डॉक्टरला मी अडचणीत आलेलं बघितलं नाही. अडचणीत येतात ते पहिल्या दिवशी खात्रीने एक नाव लिहून मोकळे होणारे, कारण मग ते नाव त्या माणसाच्या पुढच्या प्रत्येक पेपरवर चालत जातं आणि कुणी परत विचारतच नाही.

---

समाजसेवा_अधीक्षक

मी डॉक्टर नाही, मनोविकार विभागात सोशल वर्कर आहे, पण हिस्टरी घेण्यात आमचा पण हात असतो म्हणून लिहिते.

डॉक्टर, तुम्ही लिहिलंय "मामाला काहीतरी मानसिक आजार". हे "काहीतरी" कुणी सांगितलं? वडिलांनी सांगितलं असणार. मामा आईचा भाऊ, त्याच्याबद्दल वडिलांना अर्धवट माहिती, किंवा मुद्दाम अर्धवट सांगतात कारण घरात लग्नाची मुलगी असते. आईला बोलवा, आणि बाकी सगळ्यांना बाहेर बसवून विचारा. आजार म्हणून विचारू नका, "तुमच्या भावाचं काय झालं होतं हो" असं विचारा, मग सगळं येतं, तो रात्री शेतात फिरायचा, एकटाच बोलायचा, कुठे कुठे नेलं होतं, कधी निघून गेला. आणि जीनोग्राम (कुटुंबातल्या नात्यांची आकृती) काढताना आईवडिलांचं लग्न नात्यातलं आहे का ते नक्की विचारा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न इतकं सहज आहे की लोक ते सांगायची गोष्ट समजतच नाहीत, नात्यातलं लग्न दाखवणाऱ्या दोन रेघा काढायच्या राहून जातात.

इन्फॉर्मंटच्या (पेशंटची माहिती देणाऱ्याच्या) नावासमोर तुम्ही लोक "रिलायेबल अँड ॲडिक्वेट" असा शिक्का मारता. दोन वर्षं मुलगा पुण्यात आणि वडील गावात, तर वडील विश्वासाचे आहेत पण पुरेसे कसे? त्याच्या खोलीतल्या मित्राचा फोन झाला पाहिजे, त्या मुलाची परवानगी घेऊन.

आणखी एक. देवस्थानाला नेलं असेल, धागादोरा केला असेल, अंगारा लावला असेल, तर "सुपरस्टिशियस फॅमिली" असं कृपा करून लिहू नका. कुठे नेलं, किती दिवस ठेवलं, उपाशी ठेवलं का, मारलं का, बांधून ठेवलं का, किती पैसे गेले, आणि त्या काळात त्याला बरं वाटलं का, हे लिहा. "नजर लागली" म्हणणारी आई तेच सांगतेय जे तुम्ही प्रेसिपिटेटिंग मध्ये लिहिणार आहात, की माझं चांगलं चाललेलं पोर अचानक बिघडलं. तिचं स्पष्टीकरण लिहून ठेवलं की औषध कसं समजावून सांगायचं तेही सापडतं. मी स्वतः आयांना म्हणते, देवाचं करा, गोळी चुकवू नका.

आणि ते प्रोटेक्टिव्ह मध्ये "गुड फॅमिली सपोर्ट". कोण? रोज रात्री गोळी कोण देणार? आमच्या एका मुलाच्या घरात सात माणसं होती आणि गोळी द्यायची ती शेजारची आत्या. तिचं नाव जीनोग्राममध्ये बसत नव्हतं, पण तीच खरी आधार होती. तिचा फोन नंबर फाइलवर लिहून ठेवला म्हणून तो मुलगा टिकला.

---

जिल्हा_रुग्णालय

सगळं पटतं पण जरा आमच्याकडे पण बघा. मी एकटा मानसोपचारतज्ज्ञ, सकाळच्या ओपीडीत साठ-सत्तर पेपर, त्यात नवीन पंधरा. दीड तास आणि सात पानं हे मला पीजी झाल्यापासून दिसलेलं नाही. तरी मी फॉर्म्युलेशन सोडलेलं नाही, चार ओळींत करतो. पहिली ओळ त्याच्या तोंडचं वाक्य. दुसरी, आत्ताच का. तिसरी, मला आज कशाची भीती वाटते, म्हणजे जिवाला धोका, मारहाण, घर सोडून जाणं, जे असेल ते. चौथी, पुढच्या वेळी काय विचारायचं राहिलंय. ही चौथी ओळ मला सगळ्यात उपयोगी पडते कारण पंधरा दिवसांनी पेशंट समोर आला की चेहरा आठवत नाही पण प्रश्न तयार असतो. तीनचार भेटींत चित्र पूर्ण होतं, पहिल्याच दिवशी सगळं कळायलाच पाहिजे असं कुणी सांगितलं?

एक गोष्ट मात्र इथे कुणी बोललं नाही. आमच्याकडे ओपीडीचा केसपेपर पेशंटजवळच राहतो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी नेतात, नवरा वाचतो, सासू वाचते, मेडिकलवाला वाचतो, आशाताईला दाखवतात. बाई मला दार लावून सांगते की नवरा दारू पिऊन मारतो, आणि मी ते तिच्याच पेपरवर लिहिलं तर रात्री तिचं काय होईल? म्हणून असलं काही मी माझ्या रजिस्टरमध्ये लिहितो, तिच्या पेपरवर फक्त रजिस्टरचा नंबर. एचआयव्ही, लग्नाआधीचं नातं, मुलाची लैंगिक ओळख, सगळ्याला हाच नियम. पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना हे शिकवतच नाहीत की लिहिण्याआधी विचार करा, हा कागद आज रात्री कुठे असणार आहे.

---

फाइल_वाचलेली_मी

डॉक्टर मॅडम, मी पेशंट आहे. इथे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला.

चार वर्षांपूर्वी बाळंतपणानंतर मी ॲडमिट होते. नंतर गाव बदललं, नवीन डॉक्टरांना दाखवायचं होतं म्हणून जुन्या हॉस्पिटलकडे माझी फाइल मागितली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम २५ आहे, पेशंटला स्वतःचे मूलभूत वैद्यकीय कागद बघायचा हक्क आहे, वाचून गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्या कुणाला धोका होईल असं डॉक्टरांना वाटलं तर तेवढी माहिती ते रोखू शकतात पण रोखली आहे हे सांगावं लागतं आणि त्याविरुद्ध त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाकडे जाता येतं. हे मला नवीन डॉक्टरांनी सांगितलं. जुन्या ठिकाणी काउंटरवर कुणाला माहीतच नव्हतं, चार हेलपाटे झाले, शेवटी झेरॉक्स मिळाल्या.

बसस्टँडवर बसून वाचल्या. एका पानावर "अटेंशन सीकिंग" लिहिलं होतं. एका पानावर माझ्या नवऱ्याचं म्हणणं माझंच म्हणणं असल्यासारखं लिहिलं होतं. "पेशंट क्लेम्स" की तिला झोप येत नाही. क्लेम्स म्हणजे काय हो, मी खोटं बोलत होते का? इनसाइटच्या (आपल्याला आजार आहे याची जाणीव) पुढे नुसता आकडा, दोन, म्हणजे जाणीव कमी. मी त्या आठवड्यात नवऱ्याला म्हणत होते की मला काहीतरी झालंय मला दाखवा, आणि आकडा दोन.

आणि मग एका कोपऱ्यात, हस्ताक्षर वेगळं, बहुतेक तुमच्यासारखंच कुणी नवीन असावं, मराठीत एक ओळ होती. "बाळ झोपल्यावर रडू येतं, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून रडते." मी हे म्हटलं होतं. कधी म्हटलं ते पण आठवलं, ती डॉक्टर माझ्या कॉटवर बसली होती. ती ओळ वाचून मला बसस्टँडवरच रडू आलं, पण ते वेगळं रडू होतं. सगळ्या फाइलीत तेवढी एकच ओळ माझी होती. नवीन डॉक्टरांनी पण नेमकी तीच ओळ वाचून मला विचारलं की आता दुसऱ्या बाळाचा विचार करताना कशाची भीती वाटते.

मला निदानाचा राग नाही. निदान बरोबर होतं, औषधाने बरी झाले. फक्त एवढं सांगायचंय की तुम्ही लिहिता ते आम्ही वाचतो. कधीतरी, कुठेतरी, पण वाचतो.

---

लीड्सहून

वरच्या ताईंची पोस्ट वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी पुण्यातून एमबीबीएस करून इकडे इंग्लंडमध्ये सायकियाट्री करतोय. इथे पहिल्या भेटीनंतर जीपीला (फॅमिली डॉक्टरला) पत्र जातं आणि त्याची प्रत पेशंटला मिळते. २०१८ मध्ये इथल्या मेडिकल रॉयल कॉलेजांच्या अकॅडमीने पुढे जाऊन सांगितलं की ओपीडीची पत्रं थेट पेशंटलाच उद्देशून लिहा आणि जीपीला प्रत द्या. सुरुवातीला मला फार जड गेलं, कारण "तुम्ही म्हणालात की" असं लिहायला लागलं की "क्लेम्स", "डिनाइज" (नाकारतो), "मॅनिप्युलेटिव्ह" हे शब्द आपोआप गळतात, समोरच्याला तोंडावर जे म्हणता येत नाही ते लिहिता येत नाही. गेल्या वर्षी एका पेशंटने माझ्या पत्रावर पेन्सिलने दुरुस्ती करून आणली, मी लिहिलं होतं भावाच्या मृत्यूनंतर आजार सुरू झाला, त्याने लिहिलं, "नाही, त्याच्या आजारपणातच सुरू झाला, मी त्याला सांभाळत होतो." निदान तेच राहिलं, पण पूर्ण उपचाराची दिशा बदलली.

मराठीत करून बघा. फॉर्म्युलेशन लिहून झालं की दोन मिनिटं पेशंटला बोलून दाखवा, "मला असं समजलंय, बरोबर आहे का?" सायकोसिस असला तरी. तो काय दुरुस्त करतो ते ऐका.

---

नवी_रेसिडेंट

सगळ्यांचे खूप मनापासून आभार. फाइल वाचलेल्या ताई, तुमची पोस्ट मी आमच्या तिघी जेआर-१ ना (पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटना) दाखवली, आणि आता आम्ही तिघींनी "क्लेम्स" लिहिणं बंद केलंय.

काल संध्याकाळी परत बसले. त्याला एकट्याला भेटले, मग आईशी वेगळं बोलले, मामाबद्दल अगदी तसंच विचारलं जसं मॅडमनी सांगितलं, आणि वीस मिनिटं ती माउली बोलत होती. मामा पंचविशीत असा झाला होता, दोन वर्षं घरीच ठेवलं, औषध कधीच नाही, एक दिवस निघून गेला. आईच्या मनात पहिल्या दिवसापासून तेच आहे, की हा पण जाणार. डोक्याला मार, ताप, फिट्स काही नाही, तपासण्या पाठवल्यात, लघवीतली ड्रग स्क्रीन पण. हे परत लिहिलंय, जरा बघा.

"मामाला याच वयात असाच आणि उपचार न झालेला आजार होता, त्यामुळे याला मुळातच धोका जास्त. स्वभाव आधीपासून एकलकोंडा, एकच जवळचा मित्र. सात महिन्यांपूर्वी त्या मित्राची निवड झाली आणि तो खोली सोडून गेला, याची पूर्व परीक्षा तिसऱ्यांदा थोडक्यात हुकली. वडिलांनी खोलीच्या भाड्यासाठी कर्ज काढलंय म्हणून गावी परत जाता येईना. अनोळखी मुलांसोबत राहायला लागला, त्यांच्यात गांजा सुरू झाला, आधी कधीतरी, शेवटचे दोन महिने रोज. बहिणीच्या म्हणण्यानुसार फोनवर बोलणं तीन महिन्यांपासून कमी, म्हणजे संशय पाच आठवड्यांचा असला तरी बदल त्याच्या आधीचा. आजाराचा आशय त्याच्या रोजच्या जगातला आहे, 'माझी उत्तरं जातात'. आत्ता सायकोसिस नक्की, गांजामुळे का स्वतंत्र ते आज सांगता येत नाही, शेवटचा गांजा नऊ दिवसांपूर्वी. न बसणारी गोष्ट, गांजा रोजचा होण्याच्या महिनाभर आधीच बोलणं कमी झालंय. मरायचा विचार विचारला, 'मरायचं नाही, पण पोरं मारतील म्हणून पळून जावंसं वाटतं' म्हणाला, मामाचा इतिहास बघता निघून जाण्याचा धोका गंभीरपणे घ्यावा. आईला पण तीच भीती आहे. बहिणीवर त्याचा विश्वास आहे, तिच्या हातचं जेवतो."

त्याला पण बोलून दाखवलं, थोडक्यात. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मित्र गेला ते बरोबर आहे." बाकीचं त्याला पटलं नाही.

सरांनी सकाळी वाचलं, दोनदा वाचलं, आणि लगेच वॉर्डच्या सिस्टरना बोलावून त्याची कॉट दारापासून लांब, नर्सिंग स्टेशनच्या समोर घ्यायला सांगितली. मग मला म्हणाले, बहीण कधी येतेय?

---

तीस_वर्षं_ओपीडीत

आणि कधी येतेय? ती आली की तिला हेही विचारा की मित्र गेल्यावर हा तिच्याशी त्याबद्दल काही बोलला होता का. त्या मित्राचा नंबर तिच्याकडे असेल तर मुलाला विचारून एक फोन करा. "आज सांगता येत नाही" हे वाक्य खोडू नका, तारीख घालून ठेवा, आणि महिन्याने त्याच पानाखाली पुढचं लिहा.